भिंतीवर लावायचा फोटो

मरोदा सेक्टर, भिलाई
१८ फेब्रुवारी २०२५

हर्षा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच फेकशील, असं अंकुरची बायको नीतू म्हणाली. म्हणून पत्ता तिच्याकडूनच लिहून घेतला. तुम्ही नणंद-भावजय फोनवर बोलता हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा त्यात आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी फोन केला नाही त्याची कारणं दोन. स्टील प्लांटच्या मिलमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यात डावा कान गेला आणि उजवा जायच्या वाटेवर आहे. दुसरं म्हणजे, सहा वर्षांपूर्वी फोनवर बाप म्हणून मी तुला जे बोललो ते तुला आठवत असेल. मलाही आठवतं. त्यापेक्षा कागद बरा.

कामाचं लिहितो. ३१ जानेवारीला मी रिटायर झालो. लोकांनी हार घातले, गाडीतून घरी आणून सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी डबा मागितला. आता क्वार्टर सोडायचं आहे. रिसालीचं घर बांधून झालं, रंग चालू आहे, अक्षय तृतीयेला म्हणजे ३० एप्रिलला वास्तुपूजा धरली आहे. फक्त तुझी आई हलायला तयार नाही. एक भांडं तिने बांधलेलं नाही. समोरच्या खोलीत घरच्या माणसांचा फोटो लागल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही, म्हणते. मी अंकुरच्या लग्नातला ग्रुप फोटो चांगला दोन बाय तीन फुटांचा करून, फ्रेम लावून आणला. तिने पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवून दिला. "हा नाही," एवढंच बोलली.

तेव्हा फोटोचं थोडं काम करायचं आहे. सिव्हिक सेंटरचा स्टुडिओवाला करून देतो म्हणतो, पण घरातल्या गोष्टी त्याला कशाला सांगायच्या? अंकुरने त्याच्या जुन्या कम्प्युटरवर फुकटातलं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं, अर्धा तास शिकवलं आणि ड्युटीवर गेला. त्यात ते लेयर म्हणून प्रकरण आहे. मी दोन दुपारी एका जागी ब्रश घासत बसलो, काही उमटेना. शेवटी नीतू मागून म्हणाली, "बाबा, तुम्ही तर दुसऱ्याच लेयरवर घासून राहिले. ये वाला तो सिलेक्ट ही नहीं है."

तू हेच काम करतेस म्हणून विचारतो. लेयर कसा वागतो, एवढं लिहून कळव. बसून राहायची मला सवय नाही.

हेमराज कापगते


नागपूर
२४ फेब्रुवारी २०२५

श्री. हेमराज कापगते यांस,

पत्र मिळालं. नीतूच्या अक्षरामुळे फोडलं गेलं.

लेयर म्हणजे काच समजा. एकीवर एक ठेवलेल्या काचा, प्रत्येकीवर थोडं थोडं चित्र. वरून पाहणाऱ्याला सगळं मिळून एकच दिसतं. पण ज्या काचेच्या नावावर तुम्ही बाजूच्या यादीत क्लिक केलं असेल तिच्यावरच ब्रश चालतो. तुम्ही खालच्या काचेवर घासत होतात आणि वरच्या काचेने ते झाकलेलं होतं. तेव्हा हात लावण्याआधी दर वेळी यादीकडे बघा. यादीत जे वर, ते फोटोत पुढे. ओढून खाली नेलं की तो माणूस मागे जातो.

नावाशेजारी डोळ्याचं चिन्ह आहे. ते दाबलं की लेयर दिसेनासा होतो. दिसत नाही म्हणजे गेला असं नाही, पुन्हा दाबलं की परत येतो. डिलीट मात्र विचार करून करा.

मूळ फोटोवर थेट काम करू नका. त्याची कॉपी करून कॉपीवर करा. आणि फाइल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करा. साध्या फोटोसारखी सेव्ह केली तर सगळे लेयर एकमेकांना चिकटून एक होतात, बंद ठेवलेले टाकून दिले जातात, आणि नंतर काही सुटं करता येत नाही. आमच्याकडे नवीन पोरं पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात आणि मग रडतात.

आईला तो लग्नाचा फोटो का नको आहे, हे तुम्हाला कळलं असेलच. आता कोणत्या फोटोवर काम चाललं आहे ते मी विचारत नाही.

हर्षा


मरोदा सेक्टर
३ मार्च

हर्षा,

काचेचं समजलं. तू मास्तरीण झाली असतीस तरी चाललं असतं, असं मनात आलं. हे टोमण्याने लिहीत नाही.

तुझी आई तीन ते पाच भजनाला जाते, तेवढे दोन तास माझे. बाकी दिवस खायला उठतो. सकाळी रिसालीला जाऊन येतो, टाइल्सवाल्याच्या डोक्यावर उभा राहतो, तो वैतागतो. परत येतो. पुन्हा जातो. काल तो म्हणाला, काका, तुम्ही घरी बसलात तर माझं काम दोन दिवस लवकर होईल. दुपारी शेजारचे पंजाबराव टपकतात. "कावून रे हेमराज, दिवसभर त्या कम्प्युटरवर काय करून राहिला?" मी विजेचं बिल भरतो म्हणून सांगतो. महिनाभर विजेचंच बिल भरणं चालू आहे, आणि त्यांना खरं वाटतं.

प्रत्येक लेयरला नाव आणि नंबर दिला आहे, शिफ्टच्या रजिस्टरसारखं. तरी तीन अडचणी आहेत. पहिली, दुसऱ्या फोटोतून कापून आणलेला माणूस काळपट दिसत होता म्हणून उजेड वाढवला, तर सगळं वऱ्हाड पिवळं झालं, भटजीसकट. दुसरी, त्या माणसाच्या कडा खोडरबराने साफ करायला गेलो आणि कान उडाला. परत आणावा तर तोवर पुष्कळ पुढे गेलो होतो. तिसरी, कुठलं तरी बटण सरकलं आणि तो माणूस अर्धवट दिसू लागला, त्याच्या आरपार मागची खुर्ची दिसते. मी कम्प्युटर बंद करून मरोदा टँकच्या तलावापर्यंत चालत गेलो.

घाई आहे. जेमतेम दोन महिने उरले. तुझ्या आईने आज नीतूला सांगितलं की ती या क्वार्टरमध्ये एकटी राहील, कंपनीने बाहेर काढलं तर बाहेर बसेल. ती तसं करेल. तुला माहीत आहे.

बाबा


नागपूर
९ मार्च

बाबा,

तुमच्या खुर्चीला मी ऑफिसात मोठ्याने हसले. सगळे बघायला लागले.

ते सरकलेलं बटण म्हणजे ओपॅसिटी. शंभरावर नेऊन ठेवा, माणूस पुन्हा भरीव होईल. वऱ्हाड पिवळं झालं, कारण उजेडाचा लेयर त्याच्या खालच्या सगळ्यांवर लागू होतो. त्याला फक्त त्याच्या लगेच खालच्या लेयरला बांधायचं असतं, मग तो तेवढ्याच माणसाला उजळतो, भटजी सुटतात. नीतूला म्हणा 'क्लिप' कुठे आहे ते शोधून दे.

आणि खोडरबर उचलून ठेवा. तो खरंच खोडतो. आम्ही मास्क वापरतो. लेयरवर मास्क लावला की त्यावर काळा रंग फिरवाल तेवढा भाग लपतो, पांढरा फिरवाल तेवढा परत येतो. कान चुकून गेला तर पांढऱ्याने परत आणायचा. काहीच वाया जात नाही. मला हे शिकवलं तेव्हा दोन दिवस मी दुसरं काही केलंच नाही, नुसते लोकांचे कान घालवायचे आणि आणायचे.

लग्नांचा सीझन डोक्यावर आहे. अल्बममधले दिवसाला दोन-अडीचशे चेहरे हाताखालून जातात. संध्याकाळी खोलीवर जाऊन जेवते आणि पुन्हा बाहेर पडते, उगाच फिरते, सहा वर्षांत तिसरी खोली बदलली. घरमालकीण विचारते, तुला काय बोचतं ग? तुम्ही रिसालीला चकरा मारता ते वाचून वाटलं की हा आजार कुठून आला ते कळलं.

आई फोनवर गुडघे आणि भाजी यापलीकडे जात नाही. ती जेवते ना नीट?

आधी विचारत नाही म्हटलं होतं. पण कापून आणलेला तो माणूस कोण?

हर्षा


मरोदा सेक्टर
१५ मार्च

हर्षा,

मास्क जमला. आई जेवते.

आज फक्त एकच विचारायचं आहे. फोटोतून एका माणसाला काढायचं आहे. पूर्ण. त्याचा एक हात शेजारच्याच्या खांद्यावर आहे, तोही जायला पाहिजे आणि खांदा राहायला पाहिजे. तिथे कधी कोणी उभं होतं हे कळता कामा नये. तो माणूस गेल्याशिवाय पुढचं काही होत नाही, फार जागा अडवून बसला आहे.

उलट टपाली लिही. तू विचारलेलं काम झाल्यावर सांगेन.

बाबा


नागपूर
२० मार्च

बाबा,

कसं काढायचं ते सांगते, कारण तो माझा धंदा आहे.

नवीन रिकामा लेयर घ्या, मूळ फोटोच्या वर. आजूबाजूची भिंत किंवा झाडं, जे असेल ते, क्लोनच्या ब्रशने थोडं थोडं उचलून त्या माणसावर ठेवत जा. एकाच जागेचं पुन्हा पुन्हा उचलू नका, नक्षी दिसते. खांद्यासाठी दुसऱ्या बाजूचा खांदा कॉपी करून उलटा करा. सावली विसरू नका. माणूस काढतात आणि त्याची पायाजवळची सावली तशीच राहते, तिथेच सगळे पकडले जातात.

झालं. आता माझं ऐका.

आपल्या चौघांचा मिळून एकच फोटो आहे, मैत्रीबागेतला. मी दहावीत होते आणि माझा हात अंकुरच्या खांद्यावर आहे. लग्नाचा फोटो आईने नाकारला, त्या वऱ्हाडावर तुम्ही नुसता हात बसवत होतात, तिला हा हवा असणार हे मला पहिल्या पत्रातच कळायला हवं होतं. आणि तो लावायचा तर माझ्याशिवाय, असं तुम्ही ठरवलंत. फार जागा अडवून बसले आहे मी.

साक्षगंध झाल्यावर, पत्रिका वाटून झाल्यावर, लग्नाला आठ दिवस असताना मी नागपूरला निघून आले. गोंदियाचा तो मुलगा वाईट नव्हता. मला लग्नच नको होतं आणि हे सांगायला मी फार उशीर केला. तुम्हाला घरोघर जाऊन हात जोडावे लागले, त्याची लाज मला अजून वाटते. तेव्हा तुम्ही बोललात ते मी ऐकून घेतलं. पण अंकुरच्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्या गोताची नावं होती, दोन वर्षांच्या चुलत पुतण्याचंसुद्धा, आणि माझं नव्हतं. बोलावणं नव्हतं. ते तुम्ही मला न विचारता केलंत. आता फोटोतून काढायचं तर त्याची कृती मलाच विचारता? आणि मी मूर्खासारखी कान परत आणायच्या गोष्टी लिहीत बसले.

यापुढे काही विचारू नका.

हर्षा


मरोदा सेक्टर
७ एप्रिल

हर्षा,

तुझ्या पत्रावर अठरा दिवस उत्तर लिहिता आलं नाही. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो. नीतू रोज विचारते, पाठवलं का.

मैत्रीबागेचा फोटो माझ्या पाकिटात असतो. त्याला मी हात लावलेला नाही.

काढायचे होते ते पंजाबराव. अंकुरच्या लग्नाच्या त्या ग्रुप फोटोत ते तुझी आई आणि अंकुर यांच्या बरोबर मध्ये घुसून, अंकुरच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. जसे काही नवऱ्याचे काका. तेच जागा अडवून बसले आहेत.

हे नुसतं लिहून तुला पटणार नाही, म्हणून सोबत पेन ड्राइव्ह ठेवला आहे. त्यात माझी फाइल आहे. तू सांगितलं तशीच सेव्ह केली आहे, काहीही चिकटवलेलं नाही, आणि बंद केलेलं काहीही डिलीट केलेलं नाही. मला ते करवलं नाही. उघडून पाहा. काम कच्चं आहे, हसू नकोस.

तुझ्या आईने अजून एक भांडं बांधलेलं नाही. तेवीस दिवस राहिले.

बाबा


नागपूर
१३ एप्रिल

बाबा,

हसले नाही.

फाइल उघडली तेव्हा वर फक्त लग्नाचा फोटो दिसत होता आणि पंजाबरावांच्या जागी भिंतीचा एक डागाळलेला तुकडा. मग यादी पाहिली. त्याशिवाय वीस लेयर, सगळे बंद. सगळ्यांना माझं नाव. एकेक डोळा उघडत गेले. 'हर्षा १' शाळेच्या गणवेशात, आईच्या शेजारी. 'हर्षा ४' कॉलेजच्या ओळखपत्रावरची, नुसतं डोकं, कोणाच्या तरी साडीवर बसवलेलं. 'हर्षा ९' साक्षगंधाच्या हिरव्या साडीतली, गळ्यातला हार मास्कने घालवलेला, तो मात्र तुम्ही छान घालवला आहे. आईजवळ, नीतूजवळ, अंकुरच्या मागे, अगदी बँडवाल्यांच्या बाजूलासुद्धा मला उभं करून पाहिलंत. तुमच्या शेजारी मात्र एकदाही नाही. आणि सगळ्यात वर 'हर्षा २०, आत्ताची'. तो उघडला तर रिकामा. कारण आत्ताचा फोटो तुमच्याकडे नाही.

मी उठून गच्चीवर गेले. मागच्या पत्रात जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. पत्रिकेबद्दल लिहिलं ते तसंच राहू दे, ते खरं आहे.

आता मी लपवलेलं सांगते. तुमच्या सगळ्यात खालच्या लेयरवरचा फोटो मी ओळखला, कारण तो मीच केला आहे. भिलाईचे दोन-तीन फोटोग्राफर अल्बम आमच्याच लॅबमध्ये पाठवतात. २०२३च्या जानेवारीत एक फोल्डर आलं, वर अंकुर आणि नीतूचं नाव. मी साहेबांकडून ते मागून घेतलं. अकरा दिवस मी माझ्या भावाच्या लग्नात होते. आईच्या डोळ्यांखालचं काळं कमी केलं, नीतूच्या कपाळावर घामाने ओघळलेलं कुंकू पुसलं, मांडवातल्या वायरी काढल्या. स्वतःला त्यात घालावं असं एकदा मनात आलं. नाही घातलं.

ग्रुप फोटोसाठी त्याने दहा वेळा बटण दाबलं होतं. दहापैकी नऊ फोटोंत तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नाही आहात. मान वळवून उजवीकडे बघता आहात. दहाव्यात समोर बघता, पण त्यात नेमके अंकुरचे डोळे मिटलेले. म्हणून मी दहाव्यातलं तुमचं डोकं कापून नवव्या फोटोवर बसवलं. असं आम्ही रोज करतो. फक्त तेव्हा मी हॉलचे बाकीचे सगळे फोटो काढून बघत बसले, की उजवीकडे आहे काय. उजवीकडे गेट होतं. दुसरं काहीच नव्हतं.

ती फाइल मी दोन वर्षं जपून ठेवली. आता तुमच्या पेन ड्राइव्हवर टाकून परत पाठवते. 'बाबा समोर' नावाचा लेयर बंद करा. खाली तुम्ही आहात.

तुम्ही कोणाची वाट पाहत होता? केटररची पाहत होतो म्हणालात तरी मी मानेन.

आणि मला त्या फोटोत चिकटवू नका. चांगला फोटो मागू नका, पाठवणार नाही. मी तिथे नव्हते. तुम्ही बोलावलं नाही म्हणून नव्हते. ती जागा भरली तर पाहणाऱ्याला वाटेल की काही झालंच नाही, आणि आईला तर ते मुळीच चालणार नाही. पंजाबरावांना तिथेच राहू द्या, निदान ते आले तरी होते.

हर्षा


नागपूर
१९ एप्रिल, सकाळी अकरा

हर्षा,

केटरर नव्हता.

तुझी फाइल परवा उघडली. 'बाबा समोर' बंद केलं आणि स्वतःला पाहिलं. मला वाटत होतं की त्या दिवशी मी ताठ उभा होतो. वाटत होतं की कोणाला काही कळलं नाही. हर्षा, तू येशील असं मला वाटत होतं. पत्रिकेतलं नाव मीच कापलं, बोलावू नका असं मीच सांगितलं, आणि तरी सकाळपासून वाटत होतं की ही पोरगी हट्टी आहे, ही येणारच. आली असतीस तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. कदाचित ओरडलोही असतो. पण तू यावंस असं मला वाटत होतं, आणि ते मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

संध्याकाळी पाचला तुझी आई भजनाहून आली तेव्हा मी कम्प्युटर बंद केला नाही. तिला बोलावून दाखवलं. आधी माझी फाइल, सगळ्या हर्षा एकेक उघडून. तिने सगळ्या पाहून घेतल्या. मग तुझी फाइल. ती खुर्ची ओढून बसली.

"मले तवाच दिसलं होतं," ती म्हणाली. "पंगतीत वाढून राहिले होते तुमी, आन नजर सारी गेटाकडं. मी म्हटलं, आता तरी बोलतीन. आता तरी बोलतीन. अडीच वर्षं वाट पाहून राहिली मी."

मी म्हटलं, तू भिंतीवर फोटो पाहिजे म्हणालीस म्हणून मी दोन महिने हे शिकत बसलो. त्यावर ती अशी काही माझ्याकडे पाहत राहिली की मला समजलं. फोटोचं फक्त निमित्त होतं. घरची माणसं पाहिजेत म्हणत होती ती, आणि मी चार ओळी लिहून तुला घरी ये म्हणण्यापेक्षा साठाव्या वर्षी लेयर शिकलो. मला ते सोपं वाटलं.

"आता भिंतीले काय लावता ते राहू द्या," ती म्हणाली. "गेटाकडं पाहत नका बसू. जा, घेऊन या तिले."

म्हणून आज सकाळच्या गाडीने आलो. हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुझ्या लॅबच्या खाली चहाच्या टपरीवर बसून लिहितो आहे आणि तुमच्या वॉचमनच्या हाती वर पाठवतो आहे. नीतूला फोन लावून विचारू नकोस, मी कुठे गेलो हे तिलाही सांगितलेलं नाही.

माझं चुकलं. तू साक्षगंध मोडलंस ते तुझं चुकलं असेल, पण त्यासाठी तुला घरातून काढायचा अधिकार मला नव्हता. ही गोष्ट लिहिली तेवढी पुरे, उरलेलं तोंडाने बोलायचं आहे. वास्तुपूजेबद्दलही इथे लिहीत नाही. ते बोलावणं समोर येऊन द्यायचं असतं.

वॉचमन म्हणतो, जा ना काका वर, कोण अडवतंय. पण तू बोलावल्याशिवाय मी जिना चढणार नाही. बोलावणं नसलं की माणूस कसा बसतो ते मला अर्ध्या तासात पुष्कळ कळलं आहे. तुला अडीच वर्षं कळत होतं.

नाही बोलावलंस तर पाचच्या गाडीने परत जाईन आणि रागावणार नाही, तुझ्या आईलाही सांगेन की पोरीने मान ठेवला, पत्र वाचलं. पण पाचपर्यंत मी इथेच आहे, आणि वरच्या खिडकीकडे बघत राहीन. ते काही मला थांबवता येत नाही.

बाबा